फिट आली

मामांना विमान उडवायचं होतं. बस, एवढीच मागणी. पत्रकातली मागणी एका ओळीत बसली पाहिजे, असं मी मोर्चाच्या प्रत्येक बैठकीत सांगत असते आणि मामांची मागणी अर्ध्या ओळीत बसत होती. तरी त्या उन्हाळ्यात ती कोणाच्याच डोक्यात शिरत नव्हती.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. समुद्रपूरकडच्या गावातून शिकून निघाले आणि प्रवासी विमानाचे कॅप्टन झाले. वय एकसष्ट. नियमानं पासष्टपर्यंत उडवता येतं, फक्त साठीनंतर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. तिच्यात ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. शेरा मिळाला, ‘तात्पुरते अनफिट’, तीन महिन्यांनी पुन्हा या. मामा वर्ध्याच्या घरी येऊन बसले. गोळ्या सुरू केल्या, लोणचं सोडलं आणि रोज सकाळी सावंगीपर्यंत पायी जाऊ लागले.

हे तीन महिने कंपनीला भलतेच सोयीचे वाटले. लगेच मेल आला : ज्येष्ठ वैमानिकांसाठी ऐच्छिक निवृत्ती योजना. ऐच्छिक! ज्याची इच्छा नाही त्यालाच दर आठवड्याला आठवण करून देतात आणि वर त्याला ऐच्छिक म्हणतात. मुदतही कशी, तर मामांच्या फेरतपासणीचा निकाल ज्या आठवड्यात यायचा, त्याच आठवड्यातली. निकालाची वाट बघत मुदत हुकली आणि निकाल उलटा आला, तर योजनाही गेली आणि नोकरीही. म्हणजे माणसानं निकालाआधीच घाबरून सही करावी, असा हिशेब.

“मामा, मी पत्रक काढते,” मी म्हणाले. एसटीच्या ड्रायव्हरांसाठी काढली होती, आशा सेविकांसाठी काढली होती. घरच्या माणसासाठी का नाही?

“कोनाले वाटशील वं? विमानाच्या खिडकीतून फेकशील काय?”

“हसू नका. हा अन्याय आहे.”

“बीपी वाढलंच होतं ना पन. मशीन काई कंपनीची नोकर नाई.”

हे मामांचं असं. समोरच्याची बाजू आपणच मांडून मोकळे! अशा माणसासाठी कसं लढायचं, सांगा.

आमच्याकडे पायलट म्हणण्यातही मान उरलेला नाही. सरकारी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलाही पायलटच म्हणतात. सावंगीला दवाखान्यासमोरच्या टपरीवर मामांनी एकदा आपलं काम सांगितलं, तर चहावाल्यानं विचारलं, “कोन्या गाडीवर?” मामा म्हणाले, “मोठ्या.” घरी येऊन हा किस्सा त्यांनी हसत हसत सांगितला. मला काही हसू आलं नाही.

शेवटी निकाल आला. मी त्यांच्याच घरी होते. मामा पोहे खात होते, फोन वाजला, त्यांनी वाचलं आणि मामीकडे बघून नुसती मान डोलावली. मामी अंगणात धावली आणि तिनं माझ्या आईला फोन लावला. मामीला फोनवर हळू बोलता येत नाही.

“बाई, यायची फिट आली वो! आत्ताच आली! मी तं रडूनच राह्यली!”

आमच्याकडे तपासणीत पास झाल्यालाही ‘फिट आली’ म्हणतात आणि हातपाय वाकडे होऊन माणूस पडला, तरी ‘फिट आली’च म्हणतात. कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकू पाईपनं झाडांना पाणी घालत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, तत्परता भारी. हातातला पाईप टाकून त्या घरात धावल्या आणि पाच-दहा मिनिटांत मामांच्या बैठकीच्या खोलीत शिरल्या, एका हातात कांदा, दुसऱ्या हातात चप्पल. फिट आलेल्याला हुंगवायला. मामांच्या तोंडात पोह्यांचा घास तसाच.

“काकू, काय करून राह्यले तुमी?”

“बोलू नका. हलू नका. श्वास घ्या.” आणि चप्पल मामांच्या नाकाला.

मी ती ओढते आहे तोवर दारात रुग्णवाहिका उभी. काकूंनीच बोलावलेली. खाकी शर्टातला एक तरुण आत आला. “पेशंट कोन?”

“हे,” काकू म्हणाल्या. “पायलट हायेत.”

“पायलट तं मी हाव.”

“मी बी,” चपलेमागून मामा म्हणाले.

त्यानं मामांना खालून वर पाहिलं. “कोन्या गाडीवर?”

मामा हसून हसून खोकले. मामी हसली. खरं काय ते कळल्यावर काकूही हसल्या आणि तोच कांदा पोह्यांवर चिरून घ्या म्हणाल्या. पण रुग्णवाहिका आणि चप्पल या दोन कामांच्या मध्ये त्यांनी तिसरं काम उरकून टाकलं होतं. त्यांचा जावई नागपूरला विमानतळावर, मामांच्याच कंपनीत. त्याला फोन.

दुपारी कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. मामांच्या निम्म्या वयाचा, पुण्याकडचा आवाज. मी फोन स्पीकरवर टाकायला लावला.

“सर, काळजी वाटली. तब्येत आधी, बाकी सगळं नंतर. योजनेची मुदत अजून संपलेली नाही.”

“अहो, मले फिट आली नाई. फिट आली.”

तो म्हणाला, “सर, तुम्हीच म्हणताय, आली.”

“निकालाची आली!”

“मग ‘फिट आला’ म्हणा ना सर. पण आता एकदा शंका निघाली आहे. उगाच वाद नको. सन्मानानं थांबा.”

सन्मानानं! माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला. मामांनी मात्र शांतपणे सांगितलं, योजना नको, आणि शंका असेल तर मेंदूची तपासणी करून घेतो, तुम्ही म्हणाल तिथं.

फोन ठेवल्यावर मी ओरडलेच. “तुम्ही काऊन जाता? अफवा त्यांनी उचलली अन् तपासणी तुमची? उद्या डोक्यात भलतंच काही निघालं तर? हातातली फिट जाईल, योजनाही जाईल!”

“निघालं तं नाई उडवनार.”

“एवढं सोपं?”

“सोपं काऊन राहीन वं?” मामा पहिल्यांदाच चिडले. “माह्या मागं दीडशे मानसं बसतात. त्यातल्या एकानं इचारलं, कॅप्टनले फिट तं येत नाई ना, तं मले नाई म्हनता आलं पायजे. तुह्या पत्रकानं ते नाई होत.”

पत्रकाचं मी तिथंच सोडलं. पटलं म्हणून नाही. कंपनीला माफी मागायला लावायची होती, असं मला आजही वाटतं. पण ते जे म्हणाले ते माझ्या पत्रकात कुठंच बसत नव्हतं, हे खरं.

तपासणीत काही निघालं नाही. तोवर योजनेची मुदत टळून गेली होती. मग मामांचं नाव पुन्हा ड्यूटीवर लागलं. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी मी मामीकडे गेले, तर ती अंगणात फोन घेऊन उभी. ‘फिट’ हा शब्द काढायचा नाही, असं तिला बजावून ठेवलं होतं आणि ती अगदी जपून बोलत होती.

“बाई, आला वो फोन. हे आत्ताच वर गेले.”

भिंतीपलीकडे पाईपचं पाणी थांबलं.

“कामावर!” मी भिंतीकडे धावले. “काकू, कामावर गेले! कामावर!”