इटलीच्या टाचेला जायची कारणं

टेक्ससमधल्या फ्रिस्कोतल्या आमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या म्हटलं तरी चालेल. अमेरिकेत बहुतेकांच्या तशाच असतात. पुण्यात नवऱ्याने भिंतीवर ठोसा मारला असता तर हात प्लास्टरमध्ये गेला असता. इथे मूठ आरपार जायची आणि भोक पडायचं. मग शनिवारी हा माणूस दुकानातून जाळी, पुट्टी आणि नेमक्या त्याच रंगाचा डबा आणून शीळ घालत भोक बुजवायचा. संध्याकाळी आपापला एकेक पदार्थ घेऊन पॉटलकला आलेले लोक म्हणायचे, "यार, तुमचं घर अजून नवंकोरं दिसतं!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या दंडांना पुट्टी चालत नव्हती, म्हणून टेक्ससच्या उन्हाळ्यातही मी लांब बाह्या घालायचे.

एकच गोष्ट त्याने कधी दुरुस्त केली नाही. आमची लेक तेव्हा सातवीत. एकदा ती घाबरून खोलीत जाऊन बसली, तर याने लाथ घालून दाराची कडी उखडली. पाहुणे काही वरच्या मजल्यावर जात नाहीत, मग दुरुस्त कशाला करायची? तेव्हापासून ती दाराला आतून अभ्यासाची खुर्ची लावून झोपायची.

पोलिसांना फोन का नाही केलास, असं विचारणाऱ्यांचा मला संताप येतो. ज्या एका मैत्रिणीला मी सांगितलं, ती आधी रडली आणि मग म्हणाली, "कॉल नको करूस हां. त्याचं रेकॉर्ड झालं तर ग्रीन कार्ड अडकेल, तुझंही." आमच्या ग्रुपमध्ये सगळेच असे अडकलेले. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला तरी इथे राहून नोकरी करता येते, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत येता येत नाही. म्हणून दर उन्हाळ्याची ट्रिप देशातच. व्हॅन, राइस कुकर, मेतकूट आणि एखादं नॅशनल पार्क. परदेशाचं नाव कुणी काढायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं.

त्या शनिवारी ट्रिप ठरवायला सगळे आमच्याकडे जमले होते. लेक मध्येच उभी राहिली.

"काका, काकू, आय हॅव अ प्लेस. इटलीची जी हील आहे ना, तिथे."

मग ती बोलतच सुटली. हिरवंनिळं पाणी, खडकांवरून सरळ समुद्रात उड्या मारणारी मुलं, गल्लीत टेबलं टाकून अंगठ्याने कानाच्या आकाराचा पास्ता वळणाऱ्या बायका. "आजी लग्नासाठी गव्हले करायची ना आई, सेम!"

"बेटा, स्टॅम्पिंगचं काय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नवरा हसला नाही. त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागली. लेकीने चारचौघांत आपलं हसं केलं, असं त्याने डोक्यात घेतलं होतं.

शेवटची गाडी वळली तसं त्याने वरणाचं भांडं उचलून सिंकवर आपटलं. "इटली पाहिजे?" म्हणत तिचा हात पिरगळला. ती गुडघ्यांवर आली. मी ओट्यावरचं लाटणं उचललं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या मनगटावर हाणलं. हाड वाजलं. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरून मला भिंतीवर फेकलं. भिंत पुन्हा फुटली. तो मनगट धरून कळवळत खाली बसला, तेवढ्यात लेकीने गाडीची किल्ली घेतली आणि मला ओढत बाहेर नेलं.

देशी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये मी गाडी थांबवली. ओठातून रक्त येत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "समुद्रच हवा होता तर टेक्ससमध्येही आहे की गं."

"समुद्रासाठी नाही, आई," ती म्हणाली. "आजोबा गेले तेव्हा तू इंडियात जाऊन स्टॅम्प करून आलीस. माझा पासपोर्ट अमेरिकन आहे. बाबाचा स्टॅम्प संपलाय. ही कान्ट कम आफ्टर अस."

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. एवढी कारणं पोरीने सगळ्यांना सांगितली आणि खरं तेवढं पोटात ठेवलं.

त्या घरी आम्ही परत गेलो नाही. त्याच मैत्रिणीकडे राहिलो, वकील केला, पोलिसांत गेलो. ग्रीन कार्ड गेलं खड्ड्यात. आणि इटलीचा व्हिसा आला त्या आठवड्यात निघालो.

भाड्याच्या खोलीच्या मालकिणीने दाराची जाडजूड लोखंडी कडी कशी सरकवायची ते हातवारे करून दाखवलं. दुपारी पोहून आल्यावर लेक आडवी झाली आणि मी खाली गल्लीत पास्ता वळणाऱ्या बायका बघायला गेले. परत आले तर दार सताड उघडं होतं. ती गाढ झोपली होती. खुर्ची खिडकीपाशी उन्हात होती, आणि खुर्चीच्या पाठीवर पोहायचा ओला ड्रेस वाळत होता.