साहेब हळू बोलले

काल दुपारी आमच्या बेघर निवाऱ्यात महापालिकेचे साहेब आले, संस्थेचं अनुदान चालू ठेवायचं का बंद करायचं ते बघायला. आता दुपारी कोण सापडणार हो? मी सोडून सगळ्या बाया कामाला गेलेल्या. रिकाम्या खाटा बघून म्हणाले, "इथं तर कोणी राहतच नाही."

निवारा सांभाळणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, "रात्री या ना साहेब, पाय ठेवायला जागा नसते."

"रात्री ऑफिस नसतं, ताई."

तेवढ्यात त्यांना माझी तान्ही झोपलेली दिसली. लगेच आवाज बारीक केला, तिचं दुपटं स्वतः वर ओढलं आणि म्हणाले, "बंदच करावं लागेल."

झोपलेलं लेकरू बघून माणसं अशीच हळू होतात. मागं एकदा आम्हाला दुकानाच्या पायरीवरनं हाकललं तेव्हा दुकानदारसुद्धा कुजबुजतच म्हणाला होता, ऊठ बाई. झोप मोडू नये म्हणून एवढं जपतात, आणि झोपायचं कुठं? वाटलं, पोरीला चिमटा काढावा, बोंबलू दे मोठ्यानं, कळू दे यांना कोण राहतं इथं.

"मुलगी का?" साहेबांनी विचारलं.

मीपण हळूच म्हटलं, "हो साहेब."