पाठ, तांदळाचा डबा आणि मारबत

पुण्याच्या कंपनीचं काम मी नागपुरात घरी बसून करतो, म्हणजे बायकोच्या भाषेत ‘दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून राहतो’. यंदा उन्हाळ्यात मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध अशी कळ बसली की शर्टात हात घालतानाही ‘आई गं’ निघायचं. आणि इकडे मी पोरीला कबूल करून बसलो होतो, की या वर्षी मारबत बघायला तुला खांद्यावर घेईन. मागच्या वर्षी मी कामात होतो. ती आईबरोबर गेली आणि चार वर्षांच्या उंचीवरून तिला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या त्या मारबती, ते अवाढव्य पुतळे, तिने पाहिलेच नव्हते.

उपाय सुरू झाले. सासूबाईंनी सुंठेचा लेप सांगितला. त्याने पाठ भाजली, कळ तिथेच. शेजारचे काका म्हणाले, “लेकराले पाठीवर चालव ना गा, दोन मिनटात मोकळी होते.” मी सतरंजीवर पालथा पडलो. पोरगी चढली, चालली, आणि मग तिला नाचावंसं वाटलं. पुढचे दोन दिवस मागे बघायचं तर मी अख्खा वळत होतो.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. कोवळी मुलगी. म्हणाली, “घरी बसता तसे बसून दाखवा.” मी बसलो. ती बघतच राहिली.

“काका, हे काय बसणं झालं? तुम्ही तं स्क्रीनले वाकून नमस्कार करून राहिले!”

काका! अजून चाळिशी गाठायची आहे मला. तिने सांगितलेलं इतकं साधं होतं की अपमानच वाटला: स्क्रीन डोळ्यांसमोर, अर्ध्या तासाने उठायचं, खांदे मागे फिरवायचे, भिंतीला पाठ टेकून हात वर-खाली सरकवायचे.

लॅपटॉप उंच करायला मी तांदळाचा डबा घेतला आणि वेगळा कीबोर्ड जोडला. पण डबा भरलेला. मीटिंग चालू असो की नसो, बायको येऊन उभी. “उठा, भात लावाचा हाय.” त्यामुळे उठणं आपोआप व्हायचं. भिंतीशी हात सरकवू लागलो की पोरगी शेजारी उभी राहून तेच करायची. “झाली का बरी? मारबत कधी हाय?”

अडीच महिन्यांत कळ गेली, निदान लपून बसली. पुण्याच्या लोकांना मारबतीची सुट्टी नसते. मी दोन तास मागून घेतले. चौकात ही गर्दी! पिवळी मारबत वळणावर दिसली तशी बायको हळूच म्हणाली, “राहू द्या, मी घेते तिले.” पोरगी टाचा उंच करून उभी राहिली. ते मला बघवेना. खाली बसलो, तिला खांद्यावर घेतलं आणि भीत भीत उठलो. पाठीने हूं की चूं केलं नाही.

लोक ओरडत होते. रोगराई, महागाई, रस्त्यावरचे खड्डे, ज्याला जे नको ते, ‘घेऊन जा गे मारबत!’ तेवढ्यात माझ्या डोक्यावरून आवाज आला.

“बाबाचा लॅपटॉप घेऊन जा गे मारबत!”

आजूबाजूचे खो खो हसले, बायकोही हसली. मला मात्र लाज वाटली. ती पाठदुखी म्हणेल असं मी धरून चाललो होतो.

खिशात फोन थरथरला, ऑफिसचाच असणार. माझे दोन्ही हात तिच्या पायांवर होते. मी ते तिथेच ठेवले.