खासगी रकाना

मी स्वभावाने वाईट नाही, असं बरीच वर्षं माझं मत होतं. चिडकी आहे, तोंडाळ आहे, कुणी डोक्यावर बसायला लागलं तर खाली उतरवते, एवढंच. इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका दुपारनंतर हे मत मी कुणाला ऐकवत नाही.

एका संस्थेच्या घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणात मी काम करायचे. डेंग्यू, लसीकरण, साखर, रक्तदाब, सगळ्याचे फॉर्म भरून झाले होते. त्या वर्षी फॉर्मच्या शेवटी दोन नवे रकाने आले. माणूस स्वतःला पुरुष मानतो, स्त्री मानतो की आणखी काही, आणि त्याचा ओढा कुणाकडे आहे. ज्यांची उत्तरं चारचौघांपेक्षा वेगळी येतील, अशा लोकांना दवाखान्यात काय अडचणी येतात ते कळावं, म्हणून. प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं, हे प्रश्न एकेकट्याला विचारायचे आणि उत्तर तिसऱ्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आम्ही बायका तोंडावर रुमाल धरून हसलो. मग बहुतेकींनी ते रकाने चहा पिता पिता, न विचारताच भरून टाकले. मी मात्र विचारायचे. कामात मी चोख आहे, याचा मला तोरा होता.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. फॉर्म पुरा झाला की घरातल्या कर्त्याला तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग सही घ्यायची. पूर्वी कुणीतरी घरी बसून फॉर्म भरले होते, तेव्हापासून हे सुरू झालं. शेवटचे दोन रकाने वाचायचे नाहीत, हेही सांगून ठेवलं होतं.

त्या घरात निवृत्त अधिकारी, त्यांची बायको आणि नोकरी करणारी मुलगी, अशी तीन माणसं. दारावर मराठी पाटी होती म्हणून मी मराठीतच सुरुवात केली. बाई खूश झाल्या. "या ना, बसा," म्हणत चहा टाकायला निघाल्या आणि जाता जाता त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. महूकडच्या का, म्हणाल्या. आजोबा पलटणीत होते, मी म्हणाले. महूचे पलटणीतले मराठी म्हणजे बहुतेक बौद्ध, हे इंदुरात प्रत्येक मराठी घराला ठाऊक असतं. बाई "अच्छा" म्हणाल्या, आणि त्यानंतर माझ्याशी मराठीत बोलायच्या बंद झाल्या. "आप उधर, उस स्टूल पे बैठ जाइए." चहा आला नाही. मी मराठीत विचारायचे, त्या हिंदीत उत्तर द्यायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलगी वेगळी होती. पंचविशीची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. खासगी प्रश्नांसाठी ती मला गच्चीवरच्या खोलीत घेऊन गेली. मला ताई म्हणाली, आईच्या वागण्याबद्दल ओशाळलीही. शेवटच्या रकान्यापाशी मात्र ती अडली.

"ताई, हे खाली कुणाला कळणार नाही ना? पप्पा मला सोडणार नाहीत."

"नाही कळणार. माझी जबाबदारी."

मग ती बोलली. मुलींकडे, म्हणाली. दोन वर्षांपासून एक मैत्रीण आहे. दोघींनी पुण्याला नोकरीचे अर्ज दिलेत, तिथलं बोलावणं येईपर्यंत घरात गप्प राहायचं ठरलंय. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतेय, म्हणाली आणि डोळे पुसून हसली. ते हसू बघून मला बरं वाटलं होतं, हेही खरंच आहे.

आम्ही खाली आलो. वडिलांनी चष्मा चढवला आणि वाचा म्हणाले. मी सुरुवात केली तर बाई मध्येच, "ठीक से पढ़िए, आप लोगों का कोई भरोसा नहीं." वडिलांचं पान झालं, बाईंचं झालं, मग मुलीचं. शेवटचे दोन रकाने आले आणि मला थांबता येत होतं. जीभ घसरली वगैरे काही नाही. मी ते दोन्ही वाचले, सावकाश, स्वच्छ हिंदीत, बाईंना समजायला सोपं जावं म्हणून.

वडिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मुलगी जिन्याच्या पायरीवर होती, ती तिथेच उभी राहिली. बाई माझ्याजवळ आल्या, माझं मनगट धरलं, आणि मराठीत म्हणाल्या, "ताई, तुमची काहीतरी चूक झाली असेल ना? एवढं सांगा यांना."

एका वाक्याचं काम होतं. हो, चूक माझी, दुसऱ्याच घराचं पान लागलं, एवढं म्हटलं असतं तर ती पोरगी सुटली असती. तीही माझ्याकडेच बघत होती. पण मघाशी मला स्टुलावर बसवणाऱ्या बाईंचा तो विनवणारा हात इतक्यात सुटू नये, असं मला वाटत होतं.

"विचारून लिहिलंय," मी म्हणाले. "तिच्याच तोंडचं आहे."

वडिलांनी सही केली नाही. मी फॉर्म पिशवीत घातला आणि पुढच्या घराची बेल वाजवली. त्या दिवशी माझी आणखी सहा घरं झाली.

पुढचं मला त्याच गल्लीतल्या एका बाईने रक्तदाब मोजून घेताना सांगितलं. मुलीचा फोन काढून घेतला, नोकरी बंद केली, आणि दीड महिन्यात मल्हारगंजातल्या एका घरात लग्न लावून दिलं. मी त्या बाईच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि आकडा लिहिला. वरच्यांना मी काही कळवलं नाही. माझे फॉर्म त्या वर्षी सगळ्यात पूर्ण निघाले, आणि ते खासगी प्रश्न कसे विचारायचे हे नव्या बायकांना शिकवायला मलाच उभं केलं. मी शिकवलंही.

गेल्या वर्षी संस्थेने मला मल्हारगंजातल्या आपल्या दवाखान्यात बसवलं. गरोदर बायकांची नोंदणी माझ्याकडे असते, आणि तेच दोन रकाने त्या फॉर्मवरही आहेत. एका सकाळी ती आली, सासूबरोबर. पाचवा महिना होता. चेहरा उतरलेला, गळ्यात मंगळसूत्र. तिने मला ओळखलं, पण नाव, वय, वजन सगळं नीट सांगितलं. या वेळी मी नियमाने वागायचं ठरवलं. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा, काही प्रश्न एकटीला विचारायचे असतात. सासू उठलीही.

मुलीने तिचा पदर धरला.

"त्यांना इथेच राहू द्या," ती मला म्हणाली. "मला तुमच्यासोबत एकटीला बसायचं नाही."

मग मी ते दोन्ही प्रश्न सासूसमोरच विचारले. तिने सासूकडे बघत उत्तरं दिली, आणि मी ती लिहून घेतली.