फुकट कृपेचा पहारेकरी

११ फेब्रुवारी १९४७ ला दादाची खोली रिकामी करायला घेतली. पुस्तकं एका पेटीत, सदरे दुसऱ्या पेटीत, औषधाच्या बाटल्या उकिरड्यावर. त्याला जाऊन तीन आठवडे झाले होते. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकाने भावाविषयी दोन पानं मागितली आहेत. अशा वेळी गोड लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे.

दादा कराडजवळच्या मलकापूरच्या आमच्या छोट्या मंडळीचा पाळक होता; मी त्याच आवारातल्या शाळेत शिकवते. तो लबाड नव्हता, आळशी तर नव्हताच. पाटणच्या खोऱ्यात पायी हिंडून उपदेश करायचा. बायबलातली, प्रेषित पौलाने मंडळ्यांना लिहिलेली पत्रं त्याच्या जिभेवर होती. देवाची कृपा फुकट आहे, विश्वास पुरे, नियमांच्या जोखडातून आपण सुटलो... हे तो इतकं सुंदर सांगायचा की बायका डोळे पुसायच्या. आणि उपदेश संपला की तोच दारात नियम घेऊन उभा.

हौसा शेजारच्या मळ्यात राबायची. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या लढाईवर. चार वर्षं दर रविवारी ती मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होती. तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा दादा म्हणाला, "आधी कपाळ पूस."

"आवं पाळकसायब, धनी लढाईवर हायती. जित्या मान्साचं कुकू पुसू?"

"ती जुनी खूण आहे. ती टाकल्याशिवाय नवं जीवन कसं?"

"मग परवा तुमीच वाचलं ते काय? तितं कोन नव्या मान्सास्नी आदी सुंता करा म्हनत हुते, त्येंच्यावर पौल लय तापला. हितं तुमी कपाळ पुसा म्हंता. फरक काय वो?"

मी दाराशी उभी होते. मला हसू आलं, दादाला राग. त्यानेच शिकवलेला अर्थ मळ्यातल्या एका बाईने त्याच्या पुढ्यात ठेवला होता. "नियम तो नियम," एवढंच तो म्हणाला.

आमच्या आईनेही बाप्तिस्म्याआधी कुंकू पुसलं होतं, वडील हयात असताना. भाऊबंदांनी तिला नवरा जिवंत असताना विधवा म्हटलं, आणि त्याच वर्षी वडील तापाने गेले. हौसाला सूट दिली तर आईने सोसलं ते वाया गेलं, असं दादाला वाटत असावं. हे मला समजतं. समजल्याने राग कमी होत नाही.

मग तार आली. नवरा लढाईत पडला होता. सासरच्या बायकांनी हौसाचं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. आठव्या दिवशी दादा तिच्याकडे गेला; मी बरोबर होते. त्याने प्रार्थना केली आणि उठताना म्हणाला, "आता काहीच अडचण राहिली नाही. येत्या रविवारी बाप्तिस्मा देऊ."

त्या रविवारी हौसा आली नाही. पुढे पाटणला माहेरी निघून गेली. त्या प्रार्थनेनंतर तिच्या घरून परतताना मी दादाला विचारलं होतं, "तुझ्या नियमासाठी तो शिपाई मरायलाच हवा होता का?" चूक झाली असं तो कधीच म्हणाला नाही, शेवटच्या आजारातसुद्धा.

मी पेटीला दोरी आवळत होते, तेव्हा दारात हौसा. बातमी ऐकून पाटणहून आली होती. कपाळ रिकामं.

"शेवटाला लय तरास झाला का वो बाई?"

"नाही. झोपेतच गेला."

"बरं झालं." ती उंबऱ्यावर टेकली. "वर दारात त्यास्नी कुनी इचारलं आसंल का, काय पुसून आलासा म्हनून?"

दोघी हसलो. मग मी तिला सांगितलं, रविवारी साताऱ्याचे पाळक येणार आहेत. बाप्तिस्मा घेशील का?

"घीन. पर कुकू लावून यीन. सासरच्यांनी पुसलं, म्या न्हाई."

विधवेने कुंकू लावलं तर भाऊ तिला घरात घेणार नाहीत, आणि आमची मंडळी तोंड फिरवील. मी तसं बोलले.

"ठावं हाय. तुमी माज्या शेजारी हुभ्या ऱ्हानार का, त्येवडं सांगा."

राहीन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेची घंटा होण्याआधी, मी कराडच्या पेठेत गेले आणि हौसासाठी कुंकवाची पुडी मागितली. दुकानदार मला ओळखतो. माझ्या रिकाम्या कपाळाकडे बघत म्हणाला, "बाई, हे कुणाला?"

"मंडळीला," मी म्हटलं.