आप्पांच्या मोकळ्या चौकटी

संगणकाने ‘एनए’, म्हणजे ‘माहीत नाही’, असं सांगितलं की आमच्या साऱ्या कार्यालयाच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि एकट्या आप्पांचा चेहरा खुलायचा. म्हणून त्यांचं नाव पडलं एनए आप्पा. नंदुरबारला बसून आम्ही दोघं सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुलांच्या वजनांचे तक्ते सांभाळायचो.

वाढीची रेघ काढायला त्यांनीच मला शिकवलं. ज्या वयाचा अंदाज हवा, त्याच्या आसपासची वजनं तेवढी धरायची. जवळच्याला मान जास्त, लांबच्याला कमी. “जवळनाले इचार, बेटा. दूरना काय सांगी?” आणि जवळ कुणीच नसेल तिथे एनए. त्यांच्या स्वतःच्या जवळही कुणी नव्हतं. बायको गेलेली, मुलगा सुरतेला. डबा उघडताना मला रोज विचारायचे, “जेवनी का?” मी आपली “हो” म्हणायचे. मग ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे.

दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. तेवढे महिने मुलांची वजनं नसतात. आप्पांचा नेम ठरलेला: तक्त्यात ज्याची चौकट मोकळी, लोक परतल्यावर त्याच्या घरी आधी जायचं. एका वर्षी त्या मोकळ्या चौकटी साहेबांना खुपल्या. आप्पा रजेवर होते, आणि मी अतिशहाणी. एक सेटिंग बदललं की रेघ शेवटच्या वजनापुढेही धावते. मी तक्ता भरून टाकला. धडगावकडची दीड वर्षांची रमी जाताना वाढत होती, म्हणून रेघेनं तिला वाढवतच नेलं. कागदावर पोर उसाच्या फडात बाळसं धरत होती. भेटीच्या यादीतून तिचं नाव उडालं.

आप्पांनी परतल्यावर तक्ता पाहिला. “हाई वजन कोनी लिधं?”

“कोणी नाही. संगणकानं काढलं.”

“मंग ‘माहीत नही’ लिखानं व्हतं.”

होळी होताच ते पहिल्या एसटीने वर पाड्यावर गेले. रमीचं वजन ती गेली तेव्हापेक्षाही कमी भरलं, अंगात ताप. तिला मांडीवर घेऊन ते जीपने दवाखान्यात आले आणि तीन दिवस बाकावर बसून राहिले. पोर वाचली. साहेबांना त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, मलाही चार शब्द सुनावले नाहीत. सुनावले असते तर बरं झालं असतं.

निवृत्त होऊन ते सुरतेला गेले. फोन करीन, करीन म्हणत मी राहून गेले. गेल्या हिवाळ्यात ते वारल्याचं मुलानं कळवलं. नव्या साहेबांनी विचारलं, “कोण आप्पा?”

यंदा होळीनंतर मी स्वतः पाड्यावर गेले. रमी काट्यावर ऐटीत उभी राहिली. तिच्या आईनं माझ्यामागे, वाटेकडे पाहिलं आणि माझ्यासाठी मराठीत विचारलं, “तो म्हातारा बाबा नाय आला?”

आप्पा गेल्यापासून त्यांची आठवण काढणारं हे पहिलंच माणूस. मला काट्यावरचा आकडा दिसेना. रमीला म्हटलं, “थांब बाळा, अजून एकदा उभी राहा.”