पसंतीक्रम आणि एक दाढ

एप्रिलमधल्या एका बुधवारी माझी पत्नी सुनंदा वारली. अकरा दिवसांनी आमच्या मुलीची, मंजिरीची, नीटची परीक्षा होती. तेरावा व्हायच्या आत मुलगी परीक्षेला गेली म्हणून भावकीत बोलणं झालं. ती गेली आणि पेपर देऊन आली.

गुण दंतवैद्यकाला पुरतील इतके पडले. मग प्रश्न उरला कॉलेजचा. अर्जात कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. वरचं मिळालं की खालची विसरायची. मंजिरीने पहिलं सोलापूर भरलं, दुसरं नागपूर. वर्षभर तिच्या तोंडी नागपूरचंच नाव होतं. क्रम का उलटला ते मला कळत होतं, पण मी बोलायला सावकाश माणूस. अर्ज बंद व्हायला दोन दिवस उरले तेव्हा एवढंच म्हणालो, की निदान सोलापूरचं कॉलेज डोळ्यांनी पाहून येऊ.

मोडनिंबहून सकाळची एसटी धरली. हायवेच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेलेला. मोहोळ मागे पडलं आणि लांबोटीला गाडी थांबली. तिथला मक्याचा चिवडा घेतल्याशिवाय आमच्याकडचा माणूस सहसा सोलापूरला पोचत नाही. मी पहिलाच घास चावला आणि दोन वर्षं हलत असलेली खालची डावी दाढ कळवळून उठली. मंजिरीने पुडा काढून घेतला. शेजारी माढ्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळी चौकशी केली, उरलेला चिवडा आमच्या बरोबरीने संपवला आणि तिला म्हणाल्या, “दातांची डाक्टर व्हणार व्हय? मग बापाचा दात आदी बग की.”

सोलापूर जवळ आल्याचं हवेवरून कळतं. श्रावण असला तरी ऊन कोरडं लागतं. सात रस्त्याला उतरून रिक्षा केली. कॉलेजच्या दारात वॉचमनने अडवलं. प्रवेश घ्यायचाय, आत बघायचंय, असं मंजिरीने समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “बघायला म्हणून कुणाला सोडत न्हाईत. पेशंट हाय का कोण?”

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. “हे आहेत,” ती म्हणाली.

अशा रीतीने मी माझ्या नावाचा केस पेपर काढून मुलीचं कॉलेज पाहायला आत गेलो. खालच्या मजल्यावर एक्स-रे, मग साखर, रक्तदाब, मग वर दात काढायचा विभाग. लांबलचक हॉल, ओळीने खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीशी पांढऱ्या कोटातली मुलं. मंजिरी माझी फाईल छातीशी धरून सगळं वाचत चालली होती, भिंतीवरचे तक्तेसुद्धा.

आमच्या वाट्याला श्रीलता नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी आली. घरचे लोक यंत्रमागावर चादरी विणणारे, घरात तेलुगू. मला पाहून तिला झालेला आनंद लपत नव्हता. परीक्षेआधी ठरावीक संख्येने दात स्वतःच्या हाताने काढावे लागतात, त्याला ही मुलं कोटा म्हणतात. तिचे दोन राहिले होते. “काका, दुसरा कुठला हलतो का?” तिने आशेने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने तरी हलवून पाहिले. तिच्या मास्तरांनी येऊन दाढ तपासली, काढा म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

इंजेक्शन दिल्यावर ती सवयीने म्हणाली, “नोप्पी लेदु कदा?” (दुखत नाही ना?) मी मान हलवली. बधिरपणा चढेपर्यंत तोंड उघडंच ठेवायला सांगितलं, आणि माझ्या उघड्या तोंडावरून त्या दोघींचं बोलणं सुरू झालं.

मंजिरी म्हणाली, इथेच घेणार आहे, रोज जाऊन येऊन करीन.

“अपडाऊन?” श्रीलता म्हणाली. “माझी एक मैत्रीण करती. चार वाजले की गाडीकडं बघती. पेशंट खुर्चीत, जीव स्टँडवर. नागपूर का नको?”

“आण्णा एकटे आहेत. आई गेल्यापासून दिवसाला दहा वाक्यं बोलतात. त्यातली आठ माझ्याशी.”

“आता तर अर्धा तास एकबी बोलणार नाहीत,” श्रीलता म्हणाली आणि पकड उचलली.

मला पुष्कळ बोलायचं होतं. बोलता येत नव्हतं. दाढ मात्र न कुरकुरता निघाली. श्रीलताने ती आम्हा दोघांना दाखवली आणि वहीवर मास्तरांची सही घेतली.

कापूस दाबून बाहेर बाकावर बसलो. मंजिरीकडून पेन मागून घेतलं आणि दात काढल्यावर दिलेल्या सूचनांच्या कागदामागे लिहिलं, ‘पहिलं नागपूर. दुसरं सोलापूर.’

“आण्णा, आता तो विषय नको.”

मी पुन्हा लिहू लागलो. माझं अक्षर सावकाश येतं. ती शेजारून एकेक शब्द वाचत होती. ‘तू माझ्यासाठी थांबलीस तर तुझं थांबणं वाया जाऊ नये म्हणून मला पाच वर्षं रोज थकलेलं दिसावं लागेल. मला ते सोंग जमणार नाही.’

ती हसली. मग तिचे डोळे भरले. बाकावरचा सुजल्या गालाचा एक माणूस आमच्याकडे फार काळजीने बघत होता. त्याला बहुधा वाटलं, आत फारच दुखतं.

“जेवणाचं काय कराल?” तिने विचारलं.

‘शिकेन. तूही शिकायलाच चाललीस.’

कागद तिने दोनदा वाचला. मोबाईल काढला, क्रम बदलला आणि मला दाखवून अर्ज पक्का केला.

सात रस्त्याला येऊन आम्ही आईस्क्रीम खाल्लं. सूचनांच्या कागदावर थंड खा असं छापलेलंच होतं. परतीच्या गाडीत तिने सुनंदाविषयी बोलायला सुरुवात केली. एप्रिलपासून आम्ही दोघांनी ते टाळलं होतं. मोडनिंब येईपर्यंत ती बोलत होती, आणि जड जिभेने मीही.

सोलापूरला मी याआधी असंख्य वेळा गेलो होतो, बहुतेक वेळा वाचायला पुस्तकं आणायला. या खेपेला मुलीचं मन वाचून आलो, तेही बोलणं बंद ठेवावं लागलं म्हणून.

पहिल्याच यादीत नागपूर लागलं. मंजिरी तिथे राहते. मी मोडनिंबला राहतो. सुनंदा नाही.